जत्रेतला कान आणि हॉलिवूडचा स्टुडिओ

संगीतकार अजय-अतुल यांच्याविषयी हल्ली काहीही वाचायला घ्या, चौथ्या ओळीच्या आत 'सैराट'चं हॉलिवूडमधलं ध्वनिमुद्रण येतंच. २०१६च्या या चित्रपटासाठी सोनीच्या स्टुडिओत सिंफनी वाजली आणि मराठी गाणं म्हणे जागतिक झालं! या कौतुकाचा आता वीट आलाय.

यांचा कान घडला तो जत्रेत. वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीमुळे अजय आणि अतुल या गोगावले बंधूंचं बालपण जुन्नर, घोडेगाव, राजगुरुनगर, शिरूर या पट्ट्यात गेलं. घोडेगावला नाहीतर शेजारच्या शिनोलीला, या भागातल्या कुठल्याही जत्रेला जा. सकाळी अभिषेक आणि मांडवडहाळे, दुपारी घाटात बैलगाड्यांच्या शर्यती, संध्याकाळी पालखी, भजन, आणि रात्री नारायणगावहून सुपारी देऊन आणलेला तमाशा. सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकणारी माणसं तीच. 'विश्वविनायक'मधलं संस्कृत गणेशस्तवन, 'अगं बाई अरेच्चा!'मधली 'मल्हारवारी', 'जत्रा'तली 'कोंबडी पळाली' यांत समीक्षकांना शैलींच्या लांब उड्या, अष्टपैलुत्व दिसतं. इकडच्या कानाला तो एकाच दिवसाचा कार्यक्रम वाटतो.

माझ्या लेखी या जोडीचं खरं काम 'जोगवा'त आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी 'जीव रंगला'चे दोन्ही गायक गाजले, आणि गाणं गोड आहेच. पण 'लल्लाटी भंडार' ऐका. रीतसर तालीम न घेतलेला अजयचा गळा वरच्या पट्टीत जातो तेव्हा किंचित फाटतो, आणि ती फाटच गाण्याचा जीव आहे. घोटून गुळगुळीत केलेल्या आवाजात भंडारा उधळलेला ऐकू येत नाही. 'नटरंग'मध्ये लोक 'अप्सरा आली'वर थांबले. 'खेळ मांडला'तलं देवाशी केलेलं भांडण त्याहून कितीतरी मोठं आहे.

हिंदीबद्दल फार बोलायला नको. 'चिकनी चमेली' म्हणजे आपलीच कोंबडी, महागड्या पिंजऱ्यात.

'सैराट'च्या 'याड लागलं'मधली व्हायोलिनं मला मान्य आहेत, कारण नायक परश्याच्या डोक्यात खरोखरच सिनेमा चालू असतो. पण 'झिंगाट'वर गावं नाचली ती वरातीच्या ठेक्यावर. २०२३ मध्ये यांच्याच संगीताचा 'महाराष्ट्र शाहीर' आला. शाहीर साबळ्यांसारख्या भरदार गळ्याच्या माणसावरचा चित्रपट, आणि मोबाइलवर फिरत राहिलं काय, तर 'बहरला हा मधुमास'! त्यातल्याच 'गाऊ नको किसना'कडे कोण बघतो?

वर पुन्हा ऐकवतात, यांनी लोकसंगीताला प्रतिष्ठा मिळवून दिली. कुणाकडून? तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा सन्मान थेट राष्ट्रपतींच्या हस्ते झाला होता, तेव्हा त्यांच्यामागे ढोलकी होती, सिंफनी नव्हती. प्रतिष्ठा होतीच, शहरी श्रोत्याला ती व्हायोलिनच्या शिफारशीशिवाय दिसत नव्हती, हा दोष श्रोत्याचा. त्याच्या समाधानासाठी दरवेळी शंभर वादक का बसवायचे? पुढच्या चित्रपटात अजयचा आवाज आणि एक संबळ, एवढ्यावर अख्खं गाणं उभं करा. अष्टपैलुत्वाचं मग बोलू.