ओल्या पुस्तकांची निवड

तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं ते १६ मे २०२१ला, रविवारी. माझे सात माड, हापूसची दोन कलमं आणि मांगराचं छप्पर गेलं. त्याचा पंचनामा झाला. वाचनालयाची अर्धी कौलं गेली, पण लॉकडाऊनमुळे वाचनालय आधीच बंद, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल मुलगी चावी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबानू, एकदा येवन बघा."

बघितलं. भिंतीला लावलेले लोखंडी घोडे वरून भिजलेले, मासिकांचे गठ्ठे पाण्यात बसलेले. चार हजारांच्या आसपास पुस्तकं आमच्याकडे, त्यातली निम्मी तरी ओली. मिरग तीन आठवड्यांवर. तेवढ्या उन्हात सगळं सुकणार नव्हतं, आणि मला तरवा पेरायचा होता, पडलेले माड तोडायचे होते, चुडतं ओढायची होती. म्हणजे निवडणं आलं. आधी काय सुकवायचं आणि काय सोडून द्यायचं?

आम्ही तिघं होतो. एक निवृत्त गुरुजी, ही मुलगी आणि मी. गुरुजी म्हणाले, कादंबऱ्या आधी, कारण मागणी त्यांनाच असते. मुलगी म्हणाली, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आधी, महाग आहेत. मी म्हटलं, जे वाचून माणूस उठून काहीतरी बघायला गेला, ते आधी. दोघंही हसले. गुरुजी म्हणाले, "असा माणूस गावात तू एकटोच." तसं नाही, पण ते नंतर सांगतो.

माझी ही कसोटी आली कुठून, तर 'किशोर'मधून. बालभारतीचं हे मासिक १९७१च्या दिवाळीत सुरू झालं तेव्हा मी शाळकरी पोर. आमच्या शाळेत अंक यायचा आणि आठवडाभर गुरुजींच्या टेबलावरच राहायचा, मग आम्हाला मिळायचा. त्यात गोष्ट, कविता, विज्ञान, कोडं सगळं शेजारी शेजारी. गोष्टीसाठी अंक उघडायचा आणि शेजारच्या पानावर मुंग्यांबद्दल काही असलं की गोष्ट तशीच ठेवून मुंग्यांकडे जायचं. आमच्या फणसावर आंबेलांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, पानं शिवून केलेली घरटी असतात. ती शिवतात कशी, हे बघायला मी एक अख्खी सकाळ झाडाखाली बसलो होतो आणि आईचा मार खाल्ला होता. कुतूहल असलेल्या वाचकाला हेच लागतं. त्याला पाहिजे ते मिळालं पाहिजे, हे तर आहेच. पण त्याला जे पाहिजे हेच ठाऊक नव्हतं, ते त्याच्या पायात आलं पाहिजे. एकाच विषयाच्या पुस्तकात ते होत नाही, मिश्र मासिकात होतं. म्हणून 'किशोर'चे गठ्ठे पहिले बाहेर काढले.

मासिकं आम्ही खळ्यात सुंभ बांधून, मधल्या टाचणीवर उघडून, धुणं वाळत घालावं तशी घातली. तेव्हा एक गोष्ट कळली. स्वस्त, खरखरीत कागदाची मासिकं दोन उन्हांत मोकळी झाली. वाकडी झाली, पिवळी पडली, पण पानं सुटली. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं एकदा भिजली की त्यांची वीट होते. पान सोडवायला गेलं की अक्षरं दुसऱ्या पानावर जातात. त्यात सगळ्यात जास्त होती ती आयुष्यात यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, अशी पुस्तकं. कित्येकांवर एकदाही देवघेवीची तारीख पडलेली नव्हती. ही आमच्याकडे येतात कशी, तर अनुदान मिळालं की ते ठरल्या मुदतीत खर्चावं लागतं, यादी बाहेरून येते, आणि यादीत जे सहज मिळतं तेच उचललं जातं. मीही समितीवर होतो, मीही सह्या केल्या आहेत. वाचकाला काय विचारायचं आहे, हे त्या यादीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आता शेतीच्या मासिकांचं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे मी पैसे घातले आहेत. कृषी खात्याचं 'शेतकरी' आमच्याकडे वर्षानुवर्षं येतं, 'बळीराजा' यायचं, आणखीही दोन-तीन. त्यातल्या एका मासिकात, नाव घेत नाही, नव्वदच्या दशकात डाळिंबावर लेख आला होता. एकरी उत्पन्न, फोटो, फळं हातात धरून उभा असलेला शेतकरी. मी वरच्या कातळाकडेला शंभर झाडं लावली. झाडं वाढली, फुलं आली, आणि मग आमचा पाऊस आला. फळावर डाग, फळ तडकतं, आतून काळं. तीन वर्षांनी झाडं उपटली. लेखातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त तो शेतकरी कुठला, त्याच्याकडे पाऊस किती, जमीन कसली, हे लेखात नव्हतं. त्याच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडत असणार, आमच्याकडे तीन हजार पडतो. त्याची काळी किंवा मुरमाड जमीन, आमचा जांभा. ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याच्याशी लिहिणारा जर असा वागला, तर पुढच्या वेळी तो जाणून घ्यायचंच सोडतो. मी चार-पाच वर्षं शेतीचं मासिक हातात धरलं नाही.

उलट उदाहरण आमच्याच कपाटात होतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पातळ पुस्तिका. भाषा सरकारी, चित्रं काळपट. पण काजूची वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं कुठल्या जमिनीत, किती अंतरावर, हे आमच्या पावसात बसून लिहिलेलं. माडावरच्या गेंड्या भुंग्याबद्दलही असंच. शेंड्यात भोक दिसलं की तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा, आणि त्याची अळी वाढते शेणखताच्या खड्ड्यात, तेव्हा आधी तिकडे बघा. हे वाचून मी खड्डा उकरला. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या. वर्षानुवर्षं मीच भुंगे पाळत होतो! अशा पुस्तिका मुलगी 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवत होती, कारण त्यांना दाखल नंबर नव्हता. मी त्या आधी सुकवल्या.

पण माझी कसोटी टिकली नाही, हेही लिहायला हवं. 'चांदोबा'चे गठ्ठे मी सोडून द्यायच्या बाजूला टाकले होते. राजा, राक्षस, विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ. यातून उठून बघायला कोण कुठे जाणार? आमच्या घरातली दुपारी चहा घेऊन आली, तिने गठ्ठा बघितला आणि म्हणाली, "ह्ये चांदोबे पयले सुकत घाला, बाकीचां तुमचां तुमी बघा." मग तिने आठवण करून दिली. तिचं माहेर आरवलीच्या जवळ. आरवलीचा वेतोबा म्हणजे मोठं जागृत देवस्थान, त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणा देतात. लहानपणी तिला 'चांदोबा'तला झाडाला लटकणारा वेताळ आणि हा उंच उभा देव एकच वाटायचे, आणि मग एकच कसे असतील म्हणून तिने आजीला छळलं होतं. तिथे गावाचं रक्षण करणारा, इथे प्रेतात शिरणारा. भुताखेतांचा राजा गावाचा राखणदार कसा झाला, हा प्रश्न तिला 'चांदोबा'ने घातला आणि त्याचं उत्तर ती अजून शोधते आहे. मी गप्प बसलो आणि गठ्ठा सुंभावर घातला.

कादंबऱ्यांबाबतही गुरुजींचं म्हणणं मी जेवढं उडवून लावलं तेवढं उडवण्यासारखं नव्हतं. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ची. मी ती दहावीनंतर शाळा सुटली तेव्हा वाचली. कोंडुरा म्हणून खरीच जागा वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रकाठी आहे, हे कळल्यावर मी एस.टी.ने गेलो होतो, फक्त बघायला. म्हणजे माझ्याच कसोटीत कादंबरी पास. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मात्र मी थोडं भांडत वाचतो. बारा महिन्यांचे ते लेख, झाडं, फुलं, उजेड. एवढं निरखून मराठीत फार थोड्यांनी लिहिलं असेल. ते वाचल्यावर आमच्या सड्यावरची झाडं मी पहिल्यांदा नीट बघितली. पण मी त्या झाडांच्या फांद्या भाजावळीसाठी तोडतो. वाचताना हातात कोयता आहे असं वाटत राहतं आणि जरा ओशाळायला होतं. तरी ते पुस्तक मी स्वतः, पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालून सुकवलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या दोन माणसांनी मराठीत हा उद्योग सुरू केला, हे मला त्या तीन आठवड्यांत सारखं आठवत होतं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. १८३२चं 'दर्पण' सगळ्यांना माहीत आहे, ६ जानेवारीला पत्रकारांचे सत्कार होतात. पण १८४०मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं, मराठीतलं पहिलं, त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान. शाळा मोजक्याच होत्या तेव्हा हा माणूस मराठी वाचकाला रसायन सांगत होता, आणि पस्तिशीच्या आत गेला. दुसरे काशिनाथ रघुनाथ आजगावकर, ज्यांनी 'मित्र' हे नाव घेतलं आणि 'मनोरंजन' काढलं. १९०९चा त्यांचा दिवाळी अंक मराठीतला पहिला. आज आमच्या गावात जे कधीच वाचत नाहीत तेही दिवाळी अंक मागतात, निदान राशिभविष्यासाठी. भविष्याला मी हसत नाही. त्या पानापर्यंत जाताना मधली शंभर पानं बोटांखालून जातातच.

तरी एवढ्या सगळ्या कागदात समोरचा समुद्र नव्हता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही कर्लीच्या खाडीकाठचे, मालवण पलीकडे. मालवणचा समुद्र १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाण्याखालचं प्रवाळ बघायला बाहेरची माणसं येतात, पैसे देऊन बुडी मारतात. आमच्या वाचनालयात त्या प्रवाळाबद्दल मराठीत काय होतं? काही नाही. कथा-कादंबऱ्यांत समुद्र भरपूर आहे, पण तो गाजतो, खवळतो, नायकाच्या मनाशी जुळतो. वाळवंटावर रापण ओढणारा आमचा एक शेजारी आहे, शिक्षण चौथी. वादळाच्या दोनेक वर्षं आधी तो वाचनालयात आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. दारातच उभा राहून विचारलं, "बांगडो खंय गेलो, तां खंयच्या पुस्तकात गावतलां?" आम्ही सगळे हसलो. तोही हसला आणि गेला. गावात मी एकटाच नाही, असं वर म्हटलं ते याच्यासाठी.

वादळानंतर कुलपातलं काचेचं कपाट उघडलं तेव्हा आतली पुस्तकं कोरडी ठणठणीत होती. मराठी विश्वकोशाचे खंड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून घडवलेलं हे काम, पहिला खंड १९७६चा. आमच्याकडे ते 'संदर्भ ग्रंथ' म्हणून कुलपात, घरी न्यायचे नाहीत, आणि किल्ली ज्याच्याकडे तो संध्याकाळी नसतो. मी सहज चाळायला बसलो आणि 'बांगडा' अशी नोंदच सापडली. तो दारात उभा होता त्या दिवशीही ती तिथेच होती, पंधरा हातांवर. नोंद वाचली. माशाची ओळख त्यात आहे, पण यंदा तो का आला नाही हे नाही, आणि ते कोशात असणारही नाही. ते महिन्या-महिन्याला निघणाऱ्या मासिकाचं काम. पाणी किती तापलं, पर्ससीनवाल्यांनी किती ओढलं, शास्त्रज्ञ काय म्हणतात, रापणवाले काय म्हणतात, हे आमच्या किनाऱ्यावर उभं राहून लिहिणारं मासिक मला तरी आमच्या गठ्ठ्यांत सापडलं नाही. मी तो खंड, नियम मोडून, त्याच्या घरी नेला आणि नोंद वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बरा असा. पण ह्यां माका ठावक होतां."

मिरग आला तोवर साधारण एक कपाट आणि दोन घोडे भरतील एवढं सुकलं. बाकी रद्दीवाल्यानेही घेतलं नाही, ओलं म्हणून. खड्डा खणून पुरावं लागलं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मुलीने बहुतेक सगळी वाचवली, रात्री गॅसच्या शेगडीजवळ धरून, आणि त्यातली दोन वापरून तिचा भाऊ पुढे तलाठ्याच्या परीक्षेला बसला. मी ती तिच्या बाजूने मोजतो, माझी कसोटी काही म्हणो.

'किशोर'चा एक गठ्ठा, माझ्या शाळेच्या वर्षांतला, नीट सुकला नव्हता. तो मी घरी आणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवला, आमसुलांच्या शेजारी. आता सुकला आहे, धुराचा वास येतो. नोंदवहीत त्याच्यापुढे 'वादळात नष्ट' असं लिहिलेलं आहे, अक्षर माझंच. मुलीला ठाऊक आहे. पाऊस लागला की नातू तो खाली काढतो आणि मला विचारतो, आंबेल पानं शिवतात ती दोरी कुठून आणतात. मी त्याला अजून सांगितलेलं नाही, फणस दाखवला आहे.