पडद्यावरची प्रसूती

सन २०२२च्या श्रावणात आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी बेंगळूरूहून हैदराबादला माहेरी आली. तिच्या लॅपटॉपमध्ये एका ब्रिटिश कार्यक्रमाचे बरेच भाग होते आणि रात्रीची जेवणे आटोपली की ती ते लावून बसे. एके रात्री बाहेरच्या खोलीतून कुणा स्त्रीच्या कण्हण्याचा आवाज आला म्हणून मी लगबगीने गेलो. पडद्यावर एक इंग्रज बाई पलंगाचा कठडा धरून कळा देत होती, आणि आमची कन्या मांडीवर उशी घेऊन ते एकटक पाहत होती. "अशा दिवसांत हे कसले पाहतेस? बंद कर ते," असे मी बोलून गेलो. तिने बंद केले नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, मग कुठे पाहू? मला तुम्ही कुणी काही सांगितलंत का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते शोधताना तो कार्यक्रम मीही पाहिला. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

कार्यक्रमाचे नाव 'वन बॉर्न एव्हरी मिनिट'. ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीने तो २०१० ते २०१८ या काळात दाखविला. पहिली मालिका साउदॅम्प्टनच्या प्रिन्सेस ॲन रुग्णालयात चित्रित झाली. प्रसूतिकक्षाच्या भिंतींवर व छतांवर स्थिर कॅमेरे बसविलेले, आणि कॅमेरा धरणारा माणूस खोलीत नाही. त्यामुळे माणसे थोड्याच वेळात त्याला विसरून जातात. कुणी नवरा खुर्चीत डुलक्या घेतो, कुणी उगाच विनोद करून बायकोची शिवी खातो, मिडवाइफ बाहेर येऊन चहाचा कप हातात घेते तोच घंटी वाजते. ही माणसे खरी आहेत. आपल्याकडील कौटुंबिक मालिकांतली बाई घाम पुसलेल्या, टिकली जागेवर असलेल्या अवस्थेत किंचाळते आणि पुढच्या क्षणी दुपट्यात गुंडाळलेले तीन महिन्यांचे गुटगुटीत बाळ समोर येते. तिच्याशी तुलना केली तर या ब्रिटिश कार्यक्रमाचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे.

तथापि माझी सारी नोकरी महसूल खात्यात, आधी आंध्र प्रदेशात व मग तेलंगणात, गेली. अहवालात काय लिहिले आहे याबरोबरच काय गाळले आहे तेही पाहायचे, ही सवय तिथलीच. या कार्यक्रमात गाळला जातो तो वेळ. सुमारे तासाभराच्या भागात दोन-तीन प्रसूती बसवायच्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला किती मिनिटे येणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिलटकरणीच्या प्रसूतीचा सक्रिय पहिला टप्पा गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो आणि तो बारा तासांपर्यंत चालू शकतो. त्याआधीच्या मंद कळा किती काळ चालतील, याला तर प्रमाणच नाही. दर तासाला एक सेंटिमीटर ही जुनी फूटपट्टी सगळ्यांना लावणे योग्य नाही, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे. पडद्यावर ही प्रतीक्षा नसते. असते ती फक्त तिची टोके. वेदनेचे शिखर दिसते, पण दोन कळांमधली विश्रांती, जिच्या बळावर बाई निभावून नेते, ती संकलनाच्या टेबलावर कापली जाते. पाहणारीची समजूत होते की हे सगळे सलग असेच असणार. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टराने १९३० च्या दशकातच मांडले होते की भीतीने शरीर आखडते आणि आखडल्याने वेदना वाढते. त्याचे सारेच सिद्धान्त आज कुणी जसेच्या तसे मानत नाही, पण एवढे म्हणणे बाळंतपणे केलेल्या कोणत्याही जुन्या सुईणीला पटले असते.

चित्रपटांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 'थ्री इडियट्स' (२००९) मधील टेबल टेनिसच्या टेबलावरची प्रसूती सर्वांना स्मरत असेल; ती करमणूक आहे आणि तसा आव तिने लपवलेलाही नाही. मात्र पाणमोट फुटून धावपळ सुरू होण्याचे जे दृश्य चित्रपटांनी रूढ केले, ते प्रत्यक्षात दहांत एखादीच्याच वाट्याला येते. बाकीच्यांची सुरुवात पाठीत दुखू लागण्यासारख्या अगदी नीरस गोष्टीने होते.

साहित्यप्रेमी वाचकांसाठी एक हकिकत मुद्दाम सांगतो. टेरी कोट्स या ब्रिटिश मिडवाइफने १९९८ साली तिच्या व्यवसायाच्या नियतकालिकात तक्रार केली, की इंग्रजी साहित्यात मिडवाइफ जवळजवळ दिसतच नाही. जेम्स हेरियटने जे पशुवैद्यांसाठी केले ते आमच्यासाठी कुणीतरी करावे. ते वाचून जेनिफर वर्थ या निवृत्त मिडवाइफने लेखणी उचलली. २००२ साली तिचे 'कॉल द मिडवाइफ' प्रसिद्ध झाले आणि २०१२ पासून बीबीसीने त्यावर मालिका केली. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीतील १९५० च्या दशकातली बाळंतपणे तिने घराघरांत पोहोचवली. एका लेखातल्या तक्रारीने हे घडले. आपल्या मराठीत अशी तक्रार कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत बाळंतपण बहुधा बंद दाराआड होते. बाहेर पुरुष येरझारा घालतो, आतून रडण्याचा आवाज येतो आणि प्रकरण संपते. लेखणी बहुतेक वेळा येरझारा घालणाऱ्याच्याच हाती होती, हे त्याचे सरळ कारण. आणि हे त्या समाजात, ज्यातील आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या, दहा दिवसांत ते मूल गमावून बसल्या, आणि पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्राचा!

तेव्हा मुलीने ब्रिटिश कार्यक्रम पाहिला यात तिची चूक नव्हती. तिच्या भाषेत तिच्यासाठी काही नव्हते. गर्भवतीच्या खोलीत बाळकृष्णाचे चित्र लावायचे, डोहाळजेवणात तिला झोपाळ्यावर बसवायचे, ग्रहणात विळी हाती घेऊ द्यायची नाही, हे सारे आमच्या हैदराबादच्या जुन्या घरांत अजून निष्ठेने चालते. ते चालावे, माझी हरकत नाही. पण त्या सगळ्या गोडव्यात प्रत्यक्ष त्या दिवसाविषयी एक अक्षर नसते.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. भीती वाटेल म्हणून पाहू नये, असे मी आता म्हणत नाही. परंतु कार्यक्रमात जे प्रसूतिगृह दिसते ते आपले नव्हे. तिथे सर्वसाधारण बाळंतपण मिडवाइफ करते, नवरा शेवटपर्यंत शेजारी असतो, बाई उभी राहते, गुडघ्यांवर बसते, पाण्याच्या टबात उतरते. आणि आपल्याकडे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेलंगणात ६०.७ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ८१.५ टक्के होते. सबंध देशाचा आकडा २१.५ टक्के. म्हणजे आमच्या गावच्या मुलीने रात्र रात्र जागून कळा कशा सोसायच्या ते पाहायचे, आणि बहुतांशी तिच्या वाट्याला येणार ते शस्त्रक्रियेचे टेबल. ज्या परीक्षेची तयारी केली तिचा पेपरच आला नाही, अशातला हा प्रकार. त्या कार्यक्रमाने तिला भ्यायला शिकवले असेल-नसेल. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, हे मात्र शिकवले नाही. शस्त्रक्रिया कशासाठी, थांबता येईल का, थांबल्यास धोका कोणता, हे प्रश्न आम्ही तिघांनी बसून कागदावर लिहिले. ते मराठीत लिहिताना निम्मे शब्द सापडेनात, ही गोष्ट निराळी.

नवऱ्यांनी मात्र हे कार्यक्रम अवश्य पाहावेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. ती नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, आणि जिथे आडोशाची सोय असेल तिथे पतीलाही आत घेता येईल, असे ठरले. किती ठिकाणी तो आडोसा आहे, हे वाचकांनी आपापल्या गावी पाहावे. पण आत जायला मिळाले तरी तिथे करायचे काय, हे पुरुषाला ठाऊक नसते. पाणी द्यावे, पाठ चोळावी, गप्प बसावे. यांतले गप्प बसणे सर्वांत अवघड, हे त्या इंग्रज नवऱ्यांकडे पाहून चांगले कळते. जावईबापूंना मी तेवढ्यासाठी दोन भाग पाठवले. त्यांनी एकच पाहिला असे नंतर कळले.

आणि मुलीने एकटीने पाहू नये. हे मी कोणत्या पुस्तकातून सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री सौभाग्यवतीही स्वयंपाकघर आवरून येऊन बसली. पडद्यावरची बाई 'आता माझ्याने होणार नाही' असे ओरडली, तशी ही सहज म्हणाली, "असं वाटलं ना, की मग फार वेळ राहत नाही. मला अगदी हेच वाटलं होतं, पहाटे चारला." मुलीने कार्यक्रम थांबवला. १९९० सालच्या त्या रात्री मी प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून होतो आणि सकाळी मुलगी झाल्याचे कळल्यावर पेढे आणायला गेलो होतो. मधल्या बत्तीस वर्षांत आत काय झाले, हे मी कधी विचारले नव्हते आणि तिनेही कधी सांगितले नव्हते. ती बोलू लागली. लॅपटॉपचा पडदा काही वेळाने आपोआप काळा झाला. तो पुन्हा कुणी लावला नाही.