डायलोफोसॉरसची झालर

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जुरासिक पार्क’ १९९३ साली पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे हिंदीतून बोलू लागला. तेव्हापासून रत्नागिरीतल्या मुलांनाही डायनोसॉर म्हटले की आठवतो तो याच चित्रपटातला. आमच्याकडे वर जांभा आणि खाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्यात डायनोसॉरची हाडे मिळण्याची आशा नाही. पडताळायला समोर काही नसले की पडद्यावरचेच खरे वाटू लागते.

चित्रपटाने एक काम चांगले केले. शेपटी जमिनीवर टेकवून कांगारूसारखे ताठ बसलेले जुने डायनोसॉर त्याने मोडीत काढले. त्याचे प्राणी पाठ आडवी व शेपटी उचललेली ठेवून धावतात, आणि ते बरोबर आहे. (नाव जुरासिक असले तरी त्यातला टिरॅनोसॉरस मात्र क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटचा.) आमची तक्रार आहे ती डायलोफोसॉरसबद्दल. हा मात्र खरोखरच जुरासिकच्या आरंभीचा, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा, त्या काळच्या मोठ्या मांसाहारींपैकी एक. पावसातल्या त्या प्रसंगात तो माणसाच्या छातीएवढा दिसतो, मानेभोवती रंगीत झालर फुलवतो आणि विष थुंकतो. प्रत्यक्षात त्याची लांबी सुमारे ७ मीटर होती. विषाची कल्पना मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीतली, झालर चित्रपटाने जोडलेली. दोन्हींना पुरावा नाही.

कोणी म्हणेल, कातडीची झालर दगडात कशी उरणार? शंका रास्त आहे. कुंपणावरचा सरडा विणीच्या दिवसांत मान लाल करतो, कोंबडा तुरा मिरवतो. यांच्या सांगाड्यात ना तो लाल रंग दिसतो, ना तुरा. पण ऑस्ट्रेलियातल्या झालरवाल्या सरड्याची झालर छत्रीच्या काड्यांसारख्या, जिभेच्या हाडापासून निघालेल्या लांब दांड्यांवर ताणलेली असते. असे टेकू डायलोफोसॉरसच्या सांगाड्यात सापडलेले नाहीत. ‘अशक्य’ म्हणता येत नाही एवढ्यावरून ‘होते’ असे दाखवणे आम्हाला पटत नाही.

खरे तर या प्राण्याचे रूप हाडांनीच एकदा बदलले आहे, आणि ती हकिकत झालरीपेक्षा रंजक आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात जेसी विल्यम्स या नवाहो गृहस्थांनी दाखवलेल्या जागी १९४२ साली त्याचे सांगाडे मिळाले. सॅम्युएल वेल्स यांनी १९५४ मध्ये त्यांना मेगॅलोसॉरसच्या वंशात घातले. डोक्यावरचे हाड तेव्हाही होते, पण ते जागचे सरकलेले गालाचे हाड समजले गेले. १९६४ मध्ये आणखी एक सांगाडा मिळाला आणि उलगडा झाला: नाकापासून डोळ्यांपर्यंत हाडांचे दोन पातळ उभे तुरे! म्हणून १९७० मध्ये नाव बदलून डायलोफोसॉरस, म्हणजे दोन तुऱ्यांचा सरडा, असे ठेवले.

वेल्स यांना जबड्याच्या टोकाजवळच्या खाचेमुळे तो नाजूक वाटला होता. २०२० मध्ये ॲडम मार्श आणि टिमथी रो यांनी सर्व सांगाडे पुन्हा तपासले, तेव्हा जबडा चांगला दणकट, मोठी शिकार धरण्याजोगा निघाला. म्हणजे विषाची गरजच उरत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल: मुलांना डायलोफोसॉरस काढायला सांगावे, जे हाडांवरून कळते ते पेन्सिलीने, बाकीचे रंगीत खडूने. रंग, कातडी आणि तुऱ्यावरचे आवरण खडूने काढावे लागेल. दोन तुरे मात्र पेन्सिलीने.

मग आपल्याकडचा प्राणी घ्यावा. गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातील कोटा गावावरून प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जुरासिक खडकांना नाव मिळाले आहे. त्यांतला शाकाहारी बारापासॉरस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याच खडकांतल्या एका मांसाहारी डायनोसॉरला पी. यादगिरी यांनी १९८२ मध्ये दंडकोसॉरस हे नाव दिले, ते कटीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून. त्याच्या चित्रात पेन्सिलीला जवळजवळ कामच नाही.