वसतियोग्य ग्रहाची रचना : एका खेळाचा विचार

संस्कृत साहित्यशास्त्राने कवीला प्रजापती म्हटले ते केवळ गौरवापोटी नव्हे. ब्रह्मदेवाची सृष्टी नियतीच्या नियमांनी बांधलेली असते, कवीची तशी नसते, असा स्पष्ट भेद मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच केला आहे. आपल्या समीक्षेत 'प्रतिसृष्टी' हा शब्द रुळला तो याच अर्थाने. तो वापरताना विश्वामित्राची आठवण ठेवणारे मात्र थोडेच. रामायणातील विश्वामित्राने त्रिशंकूसाठी दक्षिण दिशेला नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रमाला निर्माण केली. परंतु त्या सृष्टीत त्रिशंकूखेरीज कोणी राहावयास गेल्याचे ऐकिवात नाही, आणि तोही तेथे खाली डोके वर पाय अशा अवस्थेत लटकत राहिला. सृष्टी झाली, वस्ती झाली नाही.

या जुन्या कथेकडे पुन्हा वळावेसे वाटले ते एका संगणकीय खेळामुळे. अमेरिकेतील मॅक्सिस या संस्थेने १९९० साली 'सिमअर्थ' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता विल राइट. आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'सिमसिटी' या नगररचनेच्या खेळाचाही कर्ता तोच. 'सिमअर्थ'मध्ये खेळणाऱ्याच्या हाती एक अखंड ग्रह दिला जातो. त्याचे वातावरण, त्याचे भूकवच, त्यावरील वने व प्राणी यांच्यावर प्रभाव टाकीत कोट्यवधी वर्षांचा काळ पडद्यावर सरकू द्यावयाचा आणि त्या ग्रहावर जीवन टिकवावयाचे, हे त्याचे स्वरूप. अशा वस्तूची चर्चा वाङ्मयसमीक्षेच्या पृष्ठांत कशासाठी, असा प्रश्न येथे विचारला जाईल. उत्तर एवढेच की, निर्मात्याचे स्वातंत्र्य आणि निर्मितीचे स्वायत्त अस्तित्व हा जो आपला जुना वाद आहे, तो या खेळात दृष्टान्त म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष व्यवहार म्हणून उभा राहतो.

खेळाच्या मुळाशी ब्रिटिश वैज्ञानिक जेम्स लव्हलॉक यांची कल्पना आहे. पृथ्वीवरील जीवसृष्टी आणि तिचा जड परिसर मिळून स्वतःचे नियमन करणारी एक व्यवस्था बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिन मार्ग्युलिस या जीवशास्त्रज्ञ विदुषीने ते त्यांच्यासह विकसित केले. खेळाच्या रचनेत लव्हलॉक यांचा सल्ला घेतला गेला होता. या कल्पनेला 'गाया' हे ग्रीक भूदेवतेचे नाव सुचवले ते मात्र कोणा वैज्ञानिकाने नव्हे. लव्हलॉक यांचे त्या वेळचे शेजारी, कादंबरीकार विल्यम गोल्डिंग, यांनी. नाव कादंबरीकाराचे असल्यामुळे ते लोकांच्या मनात ठसले, आणि त्याच कारणाने घोटाळाही झाला. पृथ्वी ही जणू हेतूने वागणारी देवता आहे असे लव्हलॉक म्हणतात, असा आक्षेप डॉकिन्सप्रभृती जीवशास्त्रज्ञांनी घेतला.

त्या आक्षेपाला लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी १९८३ मध्ये दिलेले उत्तर मला एखाद्या उत्तम रूपककथेइतके रेखीव वाटते. एक कल्पित ग्रह घ्यावा. त्यावर दोनच जातींची फुलझाडे, काळी डेझी आणि पांढरी डेझी. दोन्ही ५ ते ४० अंश सेल्सिअस या मर्यादेत जगतात आणि २२.५ अंशांना सर्वांत जोमाने वाढतात. ग्रहाचा सूर्य हळूहळू अधिक प्रखर होत आहे. आरंभी थंडी असताना काळ्या फुलांचे फावते, कारण ती उष्णता शोषून आपल्याभोवतीची जागा उबदार करतात. ती पसरली की सारा ग्रहच उबदार होतो. पुढे सूर्य तापू लागला की पांढरी फुले वाढतात, प्रकाश परतवतात, आणि ग्रह थंड राखतात. कोणत्याही फुलाला ग्रहाची काळजी नाही. तरीही सूर्याची प्रखरता पुष्कळ बदलूनही दीर्घकाळ ग्रहाचे तापमान फुलांना मानवेल असेच राहते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मांडले. डेझीजगात हे तिन्ही अक्षरशः दिसतात, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण मर्ढेकरांचा समतोल हा पूर्ण झालेल्या कलाकृतीत रसिकाला प्रतीत होणारा समतोल आहे, आणि येथला समतोल कोणी पाहणारा नसतानाही काळातून चालू राहणारा आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या कथेचा शेवट. सूर्य एका मर्यादेपलीकडे तापला की पांढऱ्या फुलांनाही तग धरवत नाही. आणि ती मरताच त्यांनीच थोपवून धरलेली उष्णता ग्रहावर एकदम कोसळते. ऱ्हास हळूहळू होत नाही. ज्यांनी समतोल राखला त्यांच्याच मर्यादेने तो मोडतो. शोकात्मिकेच्या घटनेविषयी आपण जे शिकवतो, ते याहून फारसे निराळे नाही.

यातून निघणारा सिद्धान्त असा की, वसतियोग्यता ही वस्तीची पूर्वअट नसून तिचे फल होय. 'सिमअर्थ'मध्ये डेझीजगाचा एक स्वतंत्र डाव ठेवलेला आहे, आणि तो खेळताना आपल्या हाताला करण्याजोगे फार थोडे उरते. हेच त्याचे यश आहे. ज्या क्षणी कर्ता निष्प्रयोजन ठरतो, त्या क्षणी त्याची सृष्टी खरी होते.

खेदाची गोष्ट ही की, हा खेळ आपल्याच या शोधाशी सर्वत्र प्रामाणिक राहत नाही. त्यात मंगळाचा एक डाव आहे. निर्जीव मंगळ पृथ्वीसारखा करावयाचा. परके ग्रह असे पालटण्याला जॅक विल्यमसन या कथालेखकाने १९४२ साली एका कथेत 'टेराफॉर्मिंग' हा शब्द दिला, तेव्हापासून विज्ञानकथेला हे स्वप्न परिचित आहे. येथे खेळणाऱ्याजवळ ऊर्जेचा मर्यादित साठा असतो. त्यातून खर्च करून ऑक्सिजन सोडणारी यंत्रे बसवावयाची, पाण्यासाठी बर्फाच्या उल्का पाडावयाच्या, मग वने व प्राणी आणून ठेवावयाचे. माझा मंगळ पहिल्या तीन प्रयत्नांत थंडच राहिला आणि आणून लावलेली वने एकामागून एक नाहीशी झाली. चौथ्या वेळी तो हिरवा झाला, तेव्हा आनंद झाला हे नाकारीत नाही. पण तो हिशेब जुळल्याचा आनंद होता. घर बांधून पुरे करावे आणि मग भाडेकरू आणावेत, तसे येथे घडते. प्रादेशिक म्हणवणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्यांत आधी डोंगर, नदी, बोली यांची मांडणी होते आणि मागाहून त्यात माणसे ठेवली जातात. त्यांच्यातील निर्जीवपणाचे मूळही तेथेच असावे.

प्रत्यक्ष मंगळ तर याहूनही अडेल आहे. तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि ग्रह पुरेसा उबदार करण्याइतका कार्बन डायऑक्साइड तेथे आजच्या तंत्राने मोकळा करता येण्याजोगा नाही, असा निष्कर्ष ब्रूस जाकोस्की व ख्रिस्तोफर एडवर्ड्‌स यांनी २०१८ मध्ये मांडला. खेळाने वास्तवाची नक्कल करावी असा माझा आग्रह नाही. परंतु द्रव्याचा विरोध जेथे मूल्य मोजून विकत घेता येतो, तेथे निर्मितीला धार येत नाही. याच जातीचा 'युनिव्हर्स सँडबॉक्स' (प्रथम आवृत्ती २००८) गुरुत्वाकर्षणाचे गणित चोख करतो. त्यात ग्रह हवा तेथे ठेवावा, त्यावर हवे तेवढे पाणी ओतावे. उपकरण म्हणून तो मोलाचा आहे. कृती म्हणून त्याचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही, कारण तेथे कर्त्याला कोणीच नकार देत नाही.

'सिमअर्थ'चा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. त्यात गायेची एक खिडकी आहे. ती उघडली की ग्रहाला डोळे आणि तोंड असलेला चेहरा दिसतो. तो आपल्या हालचालींकडे पाहतो, ग्रहाच्या प्रकृतीप्रमाणे हसतो वा रुसतो, आणि डोळ्यात टोचले तर कळवळतो. ही थट्टा आहे, हे कळते, आणि ती गोडही आहे. पण हेतूवाचूनही समतोल संभवतो हे दाखविण्यासाठी ज्या डेझी रचल्या गेल्या, त्यांच्या शेजारीच हेतू असलेला चेहरा आणून बसवावा, हा औचित्यभंग होय. गोल्डिंग यांच्या नावाने जे झाले तेच येथे चित्राने झाले. देवतेचे नाव उच्चारले की भक्त जमतात, आणि निरीक्षक मागे सरतात.

तरीही या खेळाला मी केवळ करमणूक म्हणू शकत नाही, याचे कारण त्यातील दोन गोष्टी. पहिली ही की, त्यात बुद्धी मानवाला राखून ठेवलेली नाही. सरपटणारे प्राणी, मृदुकाय जलचर, इतकेच नव्हे तर मांसाहारी वनस्पतीसुद्धा तेथे सुबुद्ध होऊन नगरे वसवू शकतात. दुसरी गोष्ट त्या नगरांच्या अखेरीची. संस्कृती तंत्रज्ञानाच्या शेवटच्या पायरीवर पोचली की तिचे लोक ग्रह सोडून ताऱ्यांकडे निघून जातात, आणि मागे राहिलेला ग्रह वन्य जीवांचे अभयारण्य म्हणून राखला जातो. आपल्या ग्रहावर हे घडले तेव्हा मी काही वेळ पडद्यासमोर तसाच बसून होतो. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते निघून गेले होते. नगरे नव्हती, ऊर्जेचा साठा बराच शिल्लक होता आणि तो कशावर खर्च करावा ते सुचत नव्हते. वने मात्र विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे सावकाश सरकत होती.