दोष कुणाचा?

गुरिंदर चढ्ढांचा ‘व्हाइसरॉयज हाउस’ २०१७ साली आला आणि भांडण पेटलं ते फाळणीच्या दोषावरून. फातिमा भुट्टोंना त्यात मुसलमानांवर अन्याय आणि इंग्रजांची भलामण दिसली. पाकिस्तानात बंदी आली. चित्रपट स्वतः चर्चिलच्या गुप्त नकाशाकडे बोट दाखवतो, म्हणजे माउंटबॅटन बिचारे फसले! हे काही आम्हाला पटत नाही. जून १९४८ची मुदत ऑगस्ट १९४७वर कुणी ओढली? त्यांनीच ना! पण आम्ही थबकलो ते वेगळ्याच जागी. दिल्लीच्या त्या वाड्यातले (आताचं राष्ट्रपती भवन) चमचे, ग्रंथालयातली पुस्तकं दोन देशांत वाटली जातात. मोजणारे तिथलेच नोकर. त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं. प्रेक्षकांचा वाद इथून सुरू व्हायला हवा होता.