आधी पाहिले, मग वाचिले

कादंबरी आधी वाचावी आणि मग तिच्यावरचा सिनेमा पाहून नाक मुरडावं, ही सुशिक्षित माणसाची रीत आहे. ‘पुस्तकाची सर नाही हो!’ हे वाक्य थिएटरबाहेर पडताना चारचौघांत टाकता यावं एवढ्यासाठीच काही लोक पुस्तकं वाचतात, असा माझा जुना संशय आहे. उलट दिशेने जाणाऱ्या माणसाला, म्हणजे आधी पाहून मग वाचणाऱ्याला, आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. पंगतीत आधी ताक पिऊन मग वरणभाताला हात घालणाऱ्याकडे जसं बघतात, तसं त्याच्याकडे बघतात.

मी या दुसऱ्या पंगतीतला. आणि पुस्तक तरी कोणतं? टॉलस्टॉय नव्हे, खांडेकर नव्हेत. जेनी हान या कोरियन वंशाच्या अमेरिकन बाईंनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेली प्रेमकथा! तिचे तीन भाग २००९, २०१० आणि २०११ साली आले. पहिल्याचं नाव ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’, म्हणजे मी ज्या उन्हाळ्यात देखणी झाले तो उन्हाळा. (आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं काळी पडतात आणि आंबे खाऊन त्यांना गळवं येतात. देखणं कोणी झाल्याचं ऐकिवात नाही.) त्यावरची मालिका ॲमेझॉनवर २०२२, २०२३ आणि २०२५ अशा तीन हप्त्यांत आली. भाग अनुक्रमे सात, आठ आणि अकरा. एकूण सव्वीस. बेरीज दोनदा तपासली आहे.

आमची कन्या बारावीत. तिने मालिका पाहिली आणि घरात एकच टीव्ही असल्यामुळे मीही पाहिली. पुस्तकं तिने वाढदिवसाच्या पैशांतून मागवली आणि एक भाग वाचून टेबलावर टाकली. पैसे भरलेली वस्तू घरात न वापरता पडून राहिली की बी.कॉम. माणसाला झोप येत नाही. म्हणून ती मी वाचली. बँकेत जेवणाच्या सुट्टीत, वरच्या मुलीचं चित्र सहकाऱ्यांना दिसू नये म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घालून. ‘काय, प्रमोशनची परीक्षा वाटतं?’ असं एकाने विचारलंसुद्धा. मी नुसती मान हलवली.

गोष्ट अशी. इझाबेल नावाची मुलगी, तिचं घरचं नाव बेली. बेली म्हणजे पोट. आपल्याकडे मुलींना छकुली म्हणतात, ठमी म्हणतात, पण पोट कोणी म्हणत नाही. असो. ही बेली जन्मापासून दर उन्हाळ्यात आई आणि भावाबरोबर कझिन्स नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाते. तिथे आईची जिवाभावाची मैत्रीण सुझॅना हिचं घर आहे. सुझॅनाला दोन मुलगे. थोरला कॉनरॅड, घुमा. धाकटा जेरमाया, हसरा. सोळाव्या वर्षाच्या तोंडावर बेलीचा चष्मा जातो आणि दोघांनाही ती प्रथमच दिसते. पुढे तीन पुस्तकं आणि सव्वीस भाग ‘हा की तो’ एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेत हा प्रश्न मतदानासारखा गाजला. लोक उघडपणे कॉनरॅडच्या किंवा जेरमायाच्या पक्षात गेले. आमच्या घरी कन्या कॉनरॅडकडे. आमची ही म्हणाली, ‘‘अहो, बोलत नाही तो मुलगा. एकासोबत बावीस वर्षं काढलीत मी. जेरमाया बरा.’’ मी तटस्थ राहिलो.

आता वाचताना काय होतं ते सांगतो. पहिली अडचण चेहऱ्यांची. माझ्या आईने मुलगी असताना ‘दो रास्ते’ पाहिला, १९६९ सालचा. तो चंद्रकांत काकोडकरांच्या ‘निलांबरी’वरून काढलाय असं कळल्यावर तिने ती कादंबरी लायब्ररीतून आणून उशीखाली ठेवून वाचली. ती सांगायची, ‘‘पानापानावर राजेश खन्ना मान तिरकी करून उभा, काही केल्या हटेना.’’ आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची. पुढे रणजित देसाईंची कादंबरी हातात घेतली तेव्हा माधवरावांच्या जागी रवींद्र मंकणीच बोलू लागले. अजूनही बोलतात. कादंबरी १९६२ची, म्हणजे मालिकेच्या कितीतरी आधीची. पण माझ्या डोक्यात मंकणी आधी येऊन बसले, त्याला देसाई काय करणार?

इथेही तेच. कॉनरॅड आला की ख्रिस्तोफर ब्रायनी येतो. आणि यात कॉनरॅडचं मोठं नुकसान आहे. पुस्तकात तो आपल्याला फक्त बेलीच्या डोळ्यांनी दिसतो. तो का रुसला, का तोडून बोलला, हे तिला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि त्या न कळण्यातच तिचं सोळावं वर्ष आहे. मालिकेत मात्र कॅमेरा त्याच्या मागे त्याच्या खोलीत जातो. तो रडताना दिसतो. आईचं दुखणं त्याला आधीच कळलंय हे आपल्याला उमगतं. मग तो गूढ राहत नाही, बिचारा होतो. बिचाऱ्यावर दया येते. पण झोप उडावी असं प्रेम गूढावरच बसतं. (हे वाक्य आमच्या हिला दाखवलेलं नाही.) दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकात बाईंनी या भावांनाही मधूनमधून बोलायला दिलंय. मला विचाराल तर तिथेच गोष्ट थोडी सैल झाली.

दुसरी गोष्ट काळाची. पहिलं पुस्तक सरळ चालत नाही. बेली सोळाची असताना मध्येच एखादं प्रकरण ती दहा-बारा वर्षांची असतानाचं येतं. मुलगे तिला खेळात घेत नाहीत, रात्री तिला न सांगता निघून जातात, ती भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकत पडते. ही प्रकरणं सोन्यासारखी आहेत. सोळाव्या वर्षी मिळालेल्या एका कटाक्षाची किंमत त्यामागच्या दहा उन्हाळ्यांच्या उपेक्षेवर ठरते, हे त्यातून कळतं. पासबुकात आजची शिल्लक बघून काही समजत नाही, मागच्या नोंदी वाचाव्या लागतात. मालिकेने या नोंदी थोडक्यात उरकल्या आणि त्या जागी एक भलामोठा नाच घातला. उपवर मुलींना पांढऱ्या झग्यात समाजापुढे आणण्याचा तिकडे एक सोहळा असतो, तो. पुस्तकात हा नाच शोधून सापडत नाही. झगे सुंदर आहेत, नाही कोण म्हणतो? पण बेलीला नाचाची गरजच नव्हती. तिला खेळात घ्या एवढंच तिचं मागणं होतं.

तक्रारच करतोय असं वाटेल, म्हणून मालिकेच्या बाजूने सांगतो. आया तिथे जास्त चांगल्या आहेत. पुस्तकात बेलीची आई लॉरेल ही फक्त आई आहे, म्हणजे मुलीला जशी दिसते तशी, अडवणारी. मालिकेत ती लेखिका आहे, घटस्फोटित आहे, आणि जिवलग मैत्रीण कॅन्सरने जातेय हे गिळून रोजचा स्वयंपाक करते आहे. जॅकी चुंग या नटीने ते फार संयमाने केलंय. दोघी मैत्रिणी रात्री किनाऱ्यावर खिदळतात तो प्रसंग पाहताना कन्या मोबाइल बघत होती आणि आम्ही दोघं गप्प होतो. बेलीची आई कोरियन वंशाची आहे हेही मालिकेनेच ठळक केलं. लेखिका स्वतःच मालिकेची कर्तीधर्ती असल्यामुळे हे बदल परक्याचे नव्हेत. तेरा-चौदा वर्षांनी तिनेच आपल्या वहीत केलेल्या दुरुस्त्या आहेत. पहिल्यांदा लिहिताना ती मुलीच्या बाजूची होती, दुसऱ्यांदा आईच्या बाजूला सरकली. वयाने होतंच तसं.

पण घराच्या बाबतीत मात्र मी पुस्तकाचा. दुसऱ्या भागात सुझॅना गेलेली आहे आणि समुद्रावरचं घर विकायला निघतं. मालिकेत विकायला येते सुझॅनाची सावत्र बहीण ज्युलिया. ही बाई पुस्तकात नाहीच. पुस्तकात घर विकायला काढतो तो मुलांचा बाप, ॲडम फिशर. केवढा फरक पडतो! मावशी विकते तेव्हा तो मालमत्तेचा वाद होतो. तिला समजवा, घराला गिऱ्हाईक दुसरं शोधा, झालं. बाप विकतो तेव्हा आई दुसऱ्यांदा जाते. कॉनरॅड कॉलेज सोडून त्या घरात जाऊन का बसतो, हे पुस्तकात एका ओळीचंही स्पष्टीकरण न देता पटतं. मालिकेला बापाला इतकं वाईट दाखवायचा धीर झाला नसावा. आई-बापही मालिका बघतात ना, वर्गणी तेच भरतात.

आणि खरं सांगू का, या घरानेच मला पुस्तक खाली ठेवू दिलं नाही. ती दोन पोरं राहिली बाजूला. त्या घराच्या कागदांवर बेलीचं नाव कुठेच नाही. ती पाहुणी आहे. पण घरातली कुठली पायरी करकरते हे तिला मालकांच्या आधी कळतं. आता हे आजोळ नाही तर काय? आमचं आजोळ कोकणात होतं. मे महिना लागला की आम्ही भाचरं लाल एस.टी.तून उतरायचो. माडी, विहीर, फणसाखालचा झोपाळा, सगळं आमचं. सात-बारावर सतरा नावं होती, त्यांत आमचं एकही नव्हतं हे पुढे कळलं. मामांनी घर विकायचं ठरवलं तेव्हा आईने हक्कसोडपत्रावर सही केली. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. कागद आईने मला वाचायला दिला, ‘‘तुला कळतं ना यातलं, बघ बरोबर आहे का.’’ कागद बरोबर होता. चतुःसीमा, गट नंबर, साक्षीदार, सगळं जागच्या जागी. झोपाळ्याचा उल्लेख नव्हता.

जेनी हान बाईंना कोकण ठाऊक असायचं कारण नाही. पण हक्क नसलेल्या घरावर जीव टाकणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीच्या साध्या, थोड्या भाबड्या भाषेत लिहिलंय. भाषा साधीच आहे हो. एखादं पान वाचून मराठीच्या प्राध्यापकांनी वही मिटावी अशी. तरी दुसऱ्या पुस्तकातली ती रिकाम्या घरातली प्रकरणं मी पुन्हा वाचली. शेवट माहीत असून. कीर्तनात सीतेचं पुढे काय होतं हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून कोणी उठून जात नाही. उलट आता पुढे काय याची घाई नसल्यामुळे बुवा कुठे थांबतात ते ऐकू येतं.

तिसऱ्या भागाबद्दल फार लिहीत नाही. जेरमाया मित्रांबरोबर सहलीला जाऊन नको तो पराक्रम करतो, मग पश्चात्तापाने एकदम लग्नाचीच मागणी घालतो, आणि ही ‘हो’ म्हणते. पुस्तकात हा वेडेपणा एका दमात वाचून होतो, म्हणून खपतो. मालिकेने तो दहा बुधवारांना पुरवला. त्यात आरशासारख्या चकाकणाऱ्या चॉकलेटच्या केकवरून वादावादी आहे. ती लांबली तेव्हा आमची ही उठून कणीक मळायला गेली. पण लग्न मोडल्यावर पुस्तक जे काही पानांत आटोपतं, तिथे मालिका थांबते हे तिचं पुण्य. पुस्तकातली बेली शिकायला स्पेनला जाते आणि थोड्याच पानांनी तिचं कॉनरॅडशी लग्न लागलेलं आपण पाहतो. मधली वर्षं लेखिकेने हातोहात पळवली आहेत. मालिकेतली बेली पॅरिसला जाते, तिथे एकटी राहते, काम करते, चार माणसं जोडते. ‘हा की तो’ याशिवायही तिला आयुष्य आहे हे प्रथमच दिसतं. माझ्या कन्येने तो भाग दोनदा पाहिला. कॉनरॅडसाठी, असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पुण्याबाहेर कुठे कॉलेज मिळेल, हॉस्टेलला काय पडतं, याची चौकशी सुरू झाली. फ्रेंच शिकायचे वर्ग कुठे असतात हेही विचारून झालं.

मालिकेत लग्न लागलेलं नाही. त्यासाठी सिनेमा काढणार असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. ‘‘बाबा, पुस्तकात लग्नाचं काय लिहिलंय ते मला सांगायचं नाही हं,’’ अशी कन्येची ताकीद आहे. घरात ते फक्त मला ठाऊक आहे. ही रोज रात्री मला विचारते, मी सांगत नाही. बावीस वर्षांत प्रथमच तिला माझ्या न बोलण्यात काहीतरी गूढ दिसतंय.