प्रथमपुरुषी विश्वास

दिघीला आमच्या घरासमोरून आळंदी-पुणे रस्ता जातो. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याला येते. 2020 साली मात्र त्या दिवशी हा रस्ता ओस होता. साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. समाचाराला आलेले एक वयोवृद्ध शेजारी म्हणाले, “अहो, देवाने काही योजूनच हे केले असणार. तुकोबा सांगून गेलेत ना?” आणि देवाने ठेवले आहे त्यात समाधान मानावे, अशा आशयाचा तो सर्वपरिचित अभंग त्यांनी म्हटला. हेतू चांगला होता. पण मला त्या क्षणी तुकोबांचाच राग आला. तो राग कितपत रास्त होता, हे पाहण्यासाठी मी गाथा पुन्हा वाचावयास घेतली.

असा राग मराठीत नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला, गं. बा. सरदारांनी 1950 साली ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या पुस्तकात संतकार्याची बाजू मांडली. या वादात प्रश्न होता तो संतवाणीचा समाजावर काय परिणाम झाला, हा. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. देवाच्या योजनेवर विश्वास ठेवण्याची ही भाषा कोण बोलतो, आणि कोणाशी?

1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला, त्यांची पहिली पत्नी त्यात गेली. आपल्या आयुष्याची हकीकत सांगणाऱ्या अभंगात ते पत्नीच्या मृत्यूविषयी एवढेच सांगतात, की ती अन्नासाठी आक्रोश करीत मेली. तेथे सांत्वन नाही. आहे ती लाज आणि त्रासलेपण. दुसऱ्या एका अभंगात दिवाळे, दुष्काळ, जनांतील अपमान, गुराढोरांचा नाश, या साऱ्यांबद्दल ते देवाला चांगलेच केलेस म्हणतात. तिसरा अभंग तर अंगावर काटा आणतो. त्यात बायकोचा आणि पोराचा मृत्यूही देवाने माया तोडण्यासाठीच घडवला, असे ते मानतात.

हे तिसरे वाक्य कोणा शेजाऱ्याने तुकोबांच्या ओसरीवर येऊन उच्चारले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते? निर्दय म्हटले असते. शब्द तेच, अर्थही तोच; बदलला तो केवळ व्याकरणातला पुरुष. ज्याचे पोर गेले त्याच्या तोंडी जे आत्मनिवेदन, तेच दुसऱ्याच्या तोंडी दुःखिताला गप्प करण्याचे साधन होते.

यावर एक आक्षेप येईल. समाधानाच्या त्या प्रसिद्ध अभंगात ‘मी’ कोठे आहे? तो उपदेशच आहे. आक्षेप खरा आहे. पण उपदेश करण्याचा तो अधिकार पहिल्या तीन अभंगांतून आलेला आहे. त्यांच्यापासून तोडून भिंतीवर रंगवला, की त्याची पाटी होते.

शिवाय याच गाथेत देवाशी भांडणारे तुकोबा आहेत. एके ठिकाणी तर आपल्यापुरता देव उरलाच नाही, इथवर ते जातात. रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील आपल्या 1933 च्या इंग्रजी ग्रंथात या अवस्थेला ख्रिस्ती गूढवाद्यांच्या परिभाषेत आत्म्याची काळरात्र मानले, आणि तिच्यानंतर साक्षात्काराची पहाट दाखवली. ही मांडणी आकर्षक आहे. परंतु गाथेतील अभंगांचा क्रम कालानुक्रम नाही. आधी शंका, मग श्रद्धा, असा जिना आपण बांधतो. गाथा तो देत नाही. तिच्यात भांडण आणि शरणागती शेजारी शेजारी नांदतात. म्हणून मला वाटते, तुकोबांचा विश्वास हा शंकेचा शेवट नव्हे. ज्याच्याशी भांडायचे तो ऐकतो आहे, एवढीच त्या विश्वासाची किमान अट असावी.

मग माझा राग रास्त होता काय? तुकोबांवरचा नव्हता, हे उघड आहे. शेजाऱ्यांवरचा तरी होता, असे मी बरेच दिवस धरून चाललो. 2022 साली पायी वारी पुन्हा निघाली. पालखी येण्याची वाट पाहत आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांसाठी पाण्याचे पिंप भरीत होतो. काम करता करता ते तोच अभंग गुणगुणत होते. माझ्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. तेव्हा मला आठवले, की फार वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा गेला होता. हे मला ठाऊक होते. त्या समाचाराच्या दिवशी मात्र आठवले नव्हते. तेव्हाही ते मला सांगत होते, की स्वतःला?

समीक्षक म्हणून मी शब्दांचा पुरुष तपासला. शेजारी म्हणून तो ऐकायचे मात्र राहून गेले.